ब्रॉडबँड तोडून सगळं हॉटस्पॉटवर चालवायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की फोनवर एवढा डेटा मिळतो तर घरचं ब्रॉडबँड बंद करावं, तुमचं घरून चालणारं काम आणि रात्रीचा टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटवर चालवावा आणि वाचलेलं बिल दर महिन्याला गुंतवावं. खर्च कापून गुंतवायचा विचार मला मनापासून आवडला, पण बिल जेवढं आहे तेवढी बचत तुमच्या हातात पडणार नाहीये, त्यामुळे लगेच तोडू नका.

आधी डेटा मोजू. एचडी व्हिडिओ तासाला साधारण 3 जीबी खातो, 4के असेल तर 7 च्या आसपास, म्हणजे रोज एक तास एचडी बघितलं तरी महिन्याचे 90 जीबी झाले. व्हिडिओ कॉलचा तासाला 1 जीबी धरा, तुम्ही म्हणताय रोज दोन तास कॉल असतात, 22 दिवसांचे 44. झाले 134, आणि यात लॅपटॉपचे अपडेट, फोटोंचा बॅकअप काहीच धरलेलं नाही. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे नेहमीचं वायफायच वाटतं, तो बिनधास्त मोठमोठे अपडेट ओढत बसतो, विंडोज असेल तर त्या नेटवर्कला मीटर्ड कनेक्शन करून ठेवा, म्हणजे इथे डेटा मोजून वापरायचाय हे लॅपटॉपला कळतं. आणि प्लॅनच्या अटी नीट वाचा, कारण अनलिमिटेड लिहिलेल्या काही प्लॅनमध्ये हॉटस्पॉटची मर्यादा वेगळी असते, ती संपली की स्पीड एकदम पडतो.

आता फोनचं बघा, कारण हा खर्च बिलात कुठेच दिसत नाही आणि बहुतेक लोक तो धरतच नाहीत. बऱ्याच फोनची बॅटरी 500 वेळा पूर्ण चार्ज झाली की साधारण 80 टक्क्यांवर येते, काही नवीन फोनमध्ये जास्त टिकते. दिवसभर हॉटस्पॉट चालू ठेवून रोज एक जादा चार्ज लागला तर नुसत्या त्या जादा चार्जनेच दीड वर्षाच्या आत, साधारण 16 महिन्यांत 500 भरतात, शिवाय चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालवला की फोन तापतो आणि उष्णतेने बॅटरी अजून लवकर खराब होते. नवीन बॅटरीची किंमत काढा, तिला 16 महिन्यांनी भागा, तेवढे दरमहा बचतीतून वजा करा. लॅपटॉप एकच असेल तर यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला द्या, वायफाय हॉटस्पॉटपेक्षा बॅटरी कमी खातं.

अजून एक, तुम्ही बाहेर पडलात की घरचं इंटरनेट पण तुमच्या खिशातून बाहेर पडणार. मग घरच्यांसाठी दुसरं सिम किंवा सिमवाला छोटा राऊटर घ्यावा लागेल, त्याचा रिचार्ज वेगळा, आणि तिथेच निम्मी बचत संपायची शक्यता आहे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या कमाईची वाटते. मोबाईल टॉवर आजूबाजूच्या सगळ्यांमध्ये वाटला जातो, गर्दीच्या वेळी स्पीड पडतो आणि कॉल अडकायला लागतात. तुम्ही तासाला किती कमावता तो आकडा ब्रॉडबँडच्या बिलाशेजारी लिहा. महिन्यातून दोन तास जरी वाया गेले आणि ते बिलापेक्षा महाग पडले तर विषयच संपला.

म्हणून माझं मत, कनेक्शन ठेवा पण प्लॅन खाली आणा. एका एचडी व्हिडिओला 5 एमबीपीएस (इंटरनेटच्या स्पीडचं माप) पुरतात, कॉलला साधारण 4 धरा, तुमच्या घरात सगळं एकाच वेळी चालू असलं तरी 20 च्या वर जात नाही, मग 200 एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे कशाला भरायचे? जो फरक वाचेल तो पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप गुंतवणुकीत जाईल असं लावून टाका, आणि हॉटस्पॉट लाईन बंद पडेल त्या दिवसासाठी ठेवा, पासवर्ड तेवढा तगडा ठेवा.

एकटा राहणारा, दिवसभर ऑफिसात असणारा, घरी फक्त मेल बघणारा माणूस असता तर मी लगेच तोडा म्हटलं असतं.

तरी तुम्हाला तोडायचंच असेल तर आधी एक आठवडा राऊटर बंद ठेवून बघा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटने किती डेटा खाल्ला ते वेगळं दिसतं, त्याला चारने गुणून थोडं वर धरा. आणि वर्षाचे पैसे आधीच भरले असतील तर कंपनीला विचारा मधेच सोडलं तर काही परत मिळतं का, राऊटरचं डिपॉझिट कधी मिळतं. काहीच परत मिळत नसेल तर वर्ष संपेपर्यंत लाईन वापरून घ्या आणि प्लॅन रिन्यूच्या वेळी बदला.