परसातला गवती चहा

प्रश्न: ताई, आमच्या वेंगुर्ल्याच्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर गवती चहा माजलाय. पण उकळून प्यायला घेतला की कडवट लागतो आणि वासही उडालेला असतो. दूध नको आहे. काय करू?

उत्तर: वास जातो तो वाफेबरोबर. पातीतलं सुगंधी तेल उडून जाणारं, त्याला खळखळ उकळी सोसत नाही. दोन कप पाण्याला तीन-चार लांब पाती पुरेत. स्वच्छ धुऊन जराशा ठेचा (कडा धारदार असतात, बोटं सांभाळा). आधी नुसतं आलं पाण्यात उकळा, गॅस बंद करा, मग पाती घालून लगेच झाकण ठेवा. पाच-सात मिनिटं ते उचलायचं नाही. तुळस घालायची तर तीही तेव्हाच. गूळ मी कपातच घालते. वैशाखात हाच चहा गार करून लिंबू पिळते. आपल्याकडच्या घामट दुपारी याच्याइतकं बरं मला दुसरं काही वाटत नाही.

कापताना बुंध्याशी चार बोटं ठेवा, पुन्हा फुटवे येतात. पावसात वाळवू मात्र नका, दमट हवेत बुरशी धरते. साठवणीची पात पाऊस सरल्यावर, सावलीत वाळवा.