पोत्यातली हत्यारं: कोणतं ठेवायचं, कोणतं सोडायचं

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात चामड्याच्या कामाची हत्यारं पोत्यासकट मिळाली. वाकड्या नाकाची एक पक्कड आहे, तिच्या जबड्याखाली लोखंडाचा गोळा आहे. लाकडी मुठीचं एक दातेरी चाक आहे, त्यावर 8 हा आकडा. तीन पायांचं जड लोखंड आणि गंजलेली काही पातीही आहेत. घरचे भंगार म्हणतात. मला पट्टे, पाकिटं करायची आहेत, जमलं तर घरचे बूटही दुरुस्त करीन. काय ठेवू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : भंगार मुळीच नाही, पण हे पोतं एका माणसाचं दिसत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपला झाल्या. अस्सल कोल्हापुरीला खिळा लागत नाही, ती चामड्याच्या वादीने शिवतात. त्यामुळे आमच्याकडे रापी (चामडं कापायचं पातं), आरी (भोक पाडायचा टोच्या) आणि हातोडी असायची, अशी पक्कड नसायची. ती बूटवाल्याची. चाक खोगीर, पट्टे, पिशव्या शिवणाऱ्याचं. तुमच्या पोत्यात निदान दोन घरं एकत्र आली आहेत.

चाकापासून सुरुवात करा, पट्ट्यांना तेच आधी लागणार. ते चामड्यावर टाक्यांच्या खुणा पाडतं. 8 म्हणजे इंचाला आठ टाके. चामड्याचा तुकडा ओला करून, पट्टी धरून त्यावर चाक फिरवा आणि इंचभरातल्या खुणा मोजा. पाकिटाला हे माप छान, जाड पट्ट्याला जरा बारीक पडतं. चाक आसावर डावं-उजवं डुगडुगत असेल तर मात्र ओळ नागमोडी जाईल. मग ते कपाटात शोभेलाच ठेवायचं.

पक्कडीचं काम असं : बुटाच्या वरच्या चामड्याची कड जबड्यात धरायची, गोळा तळाला टेकवून मूठ खाली दाबायची. चामडं फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणलं जातं. एका हाताने ताण धरून ठेवायचा, दुसऱ्याने चूक (बारीक खिळा) रोवायची आणि त्याच गोळ्याने ठोकायची. हातोडी शोधत बसावं लागत नाही. पारख सोपी आहे. वर्तमानपत्राचा कागद जबड्यात धरून ओढा. फाटला तर पक्कड चांगली, सुळकन निसटला तर जबडे झिजलेत.

तीन पायांचं लोखंड ही बूटवाल्याची ऐरण. मोठा तळ, लहान तळ आणि टाच असे तिचे तीन पाय. एक वर ठेवला की बाकीच्या दोघांवर ती उभी राहते. बूट तिच्यावर चढवून खिळा ठोकला की टोक आत लोखंडावर आपटून वळतं आणि पायाला टोचत नाही. ही बहुधा बिडाची असते. हातोडीने हलकेच वाजवून बघा. खणखणीत वाजली तर ठेवा. भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, आणि बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही. वरून थोडा गंज असेल तर चालेल.

आता पाती, पोत्यातला खरा माल. बरीच माणसं विचारतात, नाव नसलेली रापी घ्यावी का? अहो, आपल्याकडच्या उत्तम राप्या कारागिरांनी कारखान्यातल्या मोठ्या करवतीच्या मोडक्या पात्यांपासून स्वतः घासून केलेल्या असतात. नाव कुठून येणार? शेफील्डचे जॉर्ज बार्न्सली (1836पासूनचे) किंवा अमेरिकेचे सी. एस. ऑस्बोर्न (1826) असा ठसा दिसला तर आनंद जरूर माना, फक्त विक्रेत्यासमोर नको.

पातं आखूड असेल तर घाबरू नका. वर्षानुवर्षं धार लावून ते आखूड झालंय, म्हणजे कुणीतरी त्यावर रोज पोट भरलंय. वाईट पात्याला इतकी वर्षं कोणी धार लावत नाही. धारेजवळ निळसर झाक आहे का ते मात्र बघा. कोरड्या ग्राइंडरवर पोलाद तापलं की असा रंग येतो, आणि त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. जुनी कानस घासून खात्री करा : घसरली तर पातं कडक, सहज चावली तर मऊ पडलंय. गंज रॉकेल आणि सँडपेपरने काढा, धार पाण्याच्या दगडावर. ग्राइंडरला हात लावू नका. शेवटी चामड्याच्या पट्टीवर पातं मागे ओढा. हाताच्या वजनाने चामड्याची कड पापुद्र्यासारखी सुटली की धार झाली.

प्रश्न : मी कापडी-चामडी पिशव्या शिवते. सिंगरचं जुनं 29के मशीन विकत मिळतंय. घ्यावं का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : हे मोच्याचं मशीन. याचा दाब-पायच चामडं पुढे सरकवतो आणि तो पूर्ण गोल फिरतो. अरुंद जागी कोणत्याही दिशेला शिवता येतं ते त्यामुळेच. पण झीजही तिथेच होते. चामड्याच्या तुकड्यावर चारही दिशांनी एकेक ओळ घाला आणि टाके शेजारी ठेवून मोजा. एका दिशेचे आखूड पडले तर किंमत खाली आणा, फारच आखूड असतील तर सोडून द्या. बॉबिन इवलीशी असते, दोरा लवकर संपतो. जास्तीच्या बॉबिनी विक्रेत्याकडूनच मागून घ्या. सुई चामड्यासाठी 29x3, कापडासाठी 29x4. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना 1980 साली बंद झाला. सुटे भाग आता नकली मिळतात आणि कानशीने बसवून घ्यावे लागतात. पिशव्यांना मशीन उत्तम. बुटाचा तळ त्यावर शिवू नका.

प्रश्न : सासऱ्यांच्या आऱ्यांच्या मुठी काळ्या, तेलकट झाल्या आहेत. पॉलिश करून घेऊ का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नको. वॉर्निशवर घामेजला हात घसरतो आणि आरी तळव्यात जाते. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, जवसाच्या तेलाचं एक बोट फिरवा. सैल झालेल्या मुठी तेवढ्या बदलून घ्या.