३क्ष + ५ च्या पुढे काय करायचं?

घटक चाचणीचे पेपर वाटले गेले की लातुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांच्या तोंडी एकच वाक्य असतं. "मॅडम, सातवीपस्तोर लई हुशार होतं बघा लेकरू. हे एक्स-वाय आलं आन् समदं बिघडलं." ही आई बहुधा औसा, निलंगा, अहमदपूरकडून मुलाच्या शिक्षणासाठी इथं खोली करून राहिलेली असते. वडील गावी शेती बघतात आणि रोज संध्याकाळी फोनवर मार्क विचारतात. भीतीही ठरलेली: याला गणिताचं डोकंच नसेल का? नववीपासून बीजगणिताचं पुस्तक वेगळं, दहावीला त्याचा ४० गुणांचा पेपर वेगळा. तेव्हा कसं व्हायचं?

ओंकारची आई हेच घेऊन आली होती. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) ओंकार आठवीत. बीजगणिताचा तास असला की त्याच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना त्यात काही सापडलं नव्हतं. दोन शिकवण्या लावून झाल्या होत्या, आणि दोन्हीकडून निरोप आला होता, "पाया कच्चा आहे."

मला तसं काही दिसेना. अपूर्णांक, टक्केवारी, तोंडी हिशोब सगळं चोख. मग त्याला म्हटलं, एक उदाहरण मोठ्यानं बोलत सोडव. मुलाचं बरोबर उत्तर मला फारसं काही सांगत नाही, त्याची चूक मात्र बरंच सांगून जाते. उदाहरण साधंच होतं: २(क्ष + ४) + क्ष − ३ याला सरळ रूप द्या. (पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं, मी इथे क्ष लिहिते.) त्यानं कंस सोडवला, २क्ष + ८ + क्ष − ३. सजातीय पदं एकत्र केली, ३क्ष + ५. सगळं बिनचूक. मग क्षणभर थांबून खाली लिहिलं, ८क्ष.

"वर बरोबर होतं की. पुढे का गेलास?"

"तसंच सोडलं तर उत्तर कुठं झालं, मॅडम? मधे अधिक आहे ना अजून."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत उतरवून ठेवलं. पहिलीपासून या मुलाला शिकवलंय की अधिक दिसलं की बेरीज करायची, आणि शेवटी एक आकडा आला की गणित संपलं. मग अचानक कुणीतरी सांगतं की उत्तरातच अधिक राहू शकतं. त्याला ते अर्धवट वाटतं, आणि अर्धवट सोडायची त्याला भीती वाटते. ८क्ष लिहिणं हे त्याच्या हिशोबानं काम पुरं करणं होतं. याला डोकं नाही असं कोण म्हणेल?

काही शिक्षक इथं आंबे-केळी आणतात. तीन आंबे आणि पाच केळी एकत्र होत नाहीत, तसं ३क्ष आणि ५य. मला ही युक्ती पटत नाही. मुलाच्या मनात क्ष म्हणजे आंबा बसतो, आणि क्ष ही तर संख्या आहे. पुढे क्षचा वर्ग आला की आंब्याला आंब्यानं गुणायचं का?

मी ओंकारला म्हटलं, क्षला तुला हवी ती किंमत दे आणि दोन्ही तपास. त्यानं १ घेतला. ३क्ष + ५ चे आठ, ८क्ष चेही आठ. माझ्याकडे असा बघितला की विचारू नका. "बघा, बरोबरच आहे!"

"आता २ घे."

अकरा आणि सोळा. आता तो स्वतःशीच पुटपुटायला लागला. मी काही बोलले नाही. अशा वेळी मध्ये बोलायचं नाही, एवढं शिस्तीनं पाळते मी. बऱ्याच वेळानं म्हणाला, "एकनं गुणलं की आकडा तसाच राहतो. म्हणून पाच आणि पाच-क्ष सारखेच दिसले. ते खरं सारखे नाहीत." हे मी सांगितलं असतं तर त्यानं मान हलवली असती आणि पुढच्या पेपरात पुन्हा ८क्ष लिहिलं असतं. आतापर्यंत बरोबर की चूक हे सर ठरवत होते. आता तपासणी त्याच्या हातात आली होती.

माझा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराकडे आहे, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. १९५० च्या दशकात त्यांनी मांडलं की आपल्याला घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट जास्त छळतो. ओंकारचा हट्ट होता, आकडा आलाच पाहिजे. तो आला कुठून, हे त्याचे वडील आले तेव्हा कळलं.

त्यांना मी विचारलं, "बारा क्विंटल सोयाबीन झालं तर हातात किती पडतील?"

"भाव निघाल्याबिगर आकडा कसा सांगू मॅडम?"

"आकडा नको, हिशोब सांगा."

"बारा क्विंटलचे जे येतील ते, त्यातून हमाली-तोलाई वजा. क्विंटलमागं तीस धरा."

ओंकारनं लिहिलं, १२क्ष − ३६०. वडील वहीत डोकावले. "म्या तसं करत नसतो. आधी भावातूनच तीस काढायचे, मग बारानं गुणायचं. सोपं पडतं." ओंकारनं खाली लिहिलं, १२(क्ष − ३०), आणि ओरडलाच, "पप्पा, तुम्ही तर अवयव पाडले!"

मी वडिलांना म्हटलं, तुम्ही पेरणीपासून भाव निघेपर्यंत महिनोन्‌महिने क्ष घेऊन जगता, तरी हिशोब पक्का ठेवता. लेकराला मात्र रोज संध्याकाळी आकडा मागता. ते हसले, पण फोनवरचा प्रश्न त्यांनी बदलला. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं देऊन त्यांच्यासकट बेरजा-वजाबाक्या करत होते, हे मी ओंकारला सांगितलं. त्याला ते फार आवडलं.

आता पालकांसाठी. "किती आलं?" याऐवजी "कसं केलंस?" विचारा. तुम्हाला बीजगणित येत नसलं तरी चालतं, उलट बरंच, कारण मुलाला समजावून सांगावं लागतं. अवयव पाडले की त्याला उलट गुणून दाखवायला सांगा. ६क्ष + ९ = ३(२क्ष + ९) ही नेहमीची चूक; गुणून पाहिलं की ६क्ष + २७ येतात आणि मूल स्वतःच खोडतं. किंमत घालून तपासताना ० आणि १ वर थांबू नका, त्यांच्याआड चुका लपतात. २ घ्या, ५ घ्या. एका किमतीला जुळलं म्हणून बरोबर ठरत नाही, पण एखादीच किंमत जरी जुळली नाही तरी चूक नक्की. तिसरी शिकवणी लावू नका.

मूल लहानपणापासूनच सुटे पैसे, घड्याळ, लहान-मोठी संख्या यांतही अडखळत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती आहेत, आणि त्या घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

ओंकारची पोटदुखी दिवाळीच्या आधीच थांबली. दोनपैकी एक शिकवणी बंद केली आहे. कंसाआधी उणे आलं की आतली चिन्हं बदलायला तो अजून विसरतो, −(क्ष − ४) चं −क्ष − ४ करून बसतो. पण क्षला २ घालून पाहतो, आणि बहुतेक वेळा त्याचं त्यालाच सापडतं.