हमीपत्रावर सही नेमकी कधी केली?

भोसरीतील एका शीटमेटल कारखान्याच्या मालकांचे पत्र आले आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी एका आयातदाराकडून परदेशी बनावटीची पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे यंत्र, घेतली. यंत्रावर सीईची, म्हणजे युरोपीय बाजारासाठीच्या खुणेची, पाटी होती, पण डायपुढे (साच्यापुढे) हात आत जाऊ न देणारा गार्ड नव्हता. मार्चमध्ये कामगाराची दोन बोटे गेली. कारखाना निरीक्षकांनी मालकांवर खटला भरला. मालक विचारतात, ‘सीई प्रमाणित मशीन विकणारा मोकळा आणि आरोपी मी, हे कसे?’ तपशील थोडेफार बदलून हाच प्रश्न चाकण, सातपूर, इचलकरंजीहून वारंवार येतो.

गार्डशिवाय प्रेस चालवू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेला आहात, की मशीन बसवायला आलेल्या इंजिनीअरने स्टॅम्प पेपरवर तुमची सही घेतली: ‘गार्ड आम्ही येथेच बनवून घेऊ.’ बाकीची चार पाने बाजूला ठेवा. तुमचे सारे प्रकरण या एका कागदावर उभे आहे.

अपघात २०२४ चा, म्हणून १९४८ चा कारखाने अधिनियमच पाहावा लागेल. नंतर आलेल्या कामगार संहितेचा तुम्हाला आधार मिळेल असे मला वाटत नाही. त्या अधिनियमाचे कलम ७-ब यंत्र बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि पुरवणाऱ्यावर सुरक्षित यंत्र देण्याचे कर्तव्य टाकते. मात्र त्याच कलमाचे पाचवे उपकलम म्हणते की, यंत्र सुरक्षित करण्यासाठी ठरावीक गोष्टी आपण करू, असे वापरणाऱ्याने लिहून दिले आणि त्या लेखी हमीच्या आधारे यंत्र पुरवले गेले, तर पुरवठादाराची ती जबाबदारी वाजवी मर्यादेत कमी होते. आयातदाराचा वकील हेच उपकलम पुढे करणार. तुमच्या जागी मी असतो तर त्यातले ‘हमीच्या आधारे’ हे शब्द धरून बसलो असतो. यंत्र आधी तुमच्या आवारात उतरले आणि सही नंतर झाली असेल, तर त्या हमीच्या आधारे पुरवठा झाला असे कसे म्हणता येईल? डिलिव्हरी चलन, गेटवरची नोंद, ट्रान्सपोर्टची पावती आणि स्टॅम्प पेपरवरची तारीख, हे चार कागद एकत्र ठेवा. हमीपत्रात कोणता गार्ड, किती दिवसांत, हे काहीच नसेल आणि ‘सुरक्षेची सर्व जबाबदारी खरेदीदाराची’ एवढेच मोघम असेल, तर तेही तुमच्या बाजूचे आहे. कायद्याला ठरावीक पावले लिहिलेली हवी असतात. न वाचता सही केलीत याचा मला राग आहे, कारण प्रत तरी मागून घ्यायला हवी होती. निदान आता ती लेखी मागा.

सीईच्या पाटीवर फार विसंबू नका. सीई हा युरोपच्या बाजारासाठी उत्पादकाने केलेला दावा असतो. कलम २१ खालच्या तुमच्या कर्तव्यातून तो तुम्हाला सोडवत नाही. हाताने माल घालायच्या-काढायच्या, ६ मिलिमीटरहून जास्त अंतर सरकणाऱ्या भागाच्या आणि सेकंदाला ३० मिलिमीटरहून जास्त वेगाच्या धातूकामाच्या प्रेस युरोपच्या २००६ च्या यंत्र-निर्देशात अधिक धोकादायक यंत्रांच्या यादीत आहेत. उत्पादकाने तिथली प्रमाणित मानके पूर्ण पाळली नसतील, तर त्रयस्थ संस्थेची तपासणी सक्तीची आहे. म्हणून आयातदाराकडून अनुरूपतेचे घोषणापत्र, म्हणजे यंत्र मानकांप्रमाणे आहे असे उत्पादकाचे लेखी निवेदन, मागा आणि त्यात कोणते मानक, कोणती संस्था लिहिली आहे ते पाहा. परदेशी यंत्र भारतीय मानकांना, किंवा तिथली मानके अधिक कडक असतील तर त्यांना उतरते की नाही, हे पाहण्याचे कामही ७-ब ने आयातदारावरच टाकले आहे. हे कर्तव्य हमीपत्राने माफ होते असे मला दिसत नाही, पण न्यायालय काय म्हणेल याची खात्री देणार नाही. चालवण्याची माहितीपुस्तिका फक्त परक्या भाषेत दिली असेल, तर तोही मुद्दा घ्या.

तुमच्यावरच्या खटल्याचे मात्र वेगळे आहे. धोक्याचा भाग चालू असताना सुरक्षित झाकलेला हवा, हे कलम २१ भोगवटादाराला, म्हणजे कारखान्याचा ताबा असलेल्या तुम्हाला, सांगते, विक्रेत्याला नाही. खरा गुन्हेगार दुसरा आहे असे कलम १०१ खाली म्हणायचे, तर तुम्ही पुरती काळजी घेतली होती आणि जे घडले ते तुमच्या नकळत घडले, दोन्ही सिद्ध करावे लागते. गार्ड नाही हे तुम्हाला माहीत होते, याचा पुरावा म्हणजे तुमचीच सही. त्यामुळे या वाटेवर मी फारशी आशा ठेवत नाही. तरी दोषारोपाच्या सुनावणीआधी अभियोक्त्याला किमान तीन दिवसांची लेखी सूचना देऊन अर्ज करता येतो. निरीक्षकांना कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल झाली होती ना, एवढे तारखांवरून तपासा. दाखल झालेल्या खटल्यात अजून दोषारोपही वाचले गेले नाहीत, ही आपल्या न्यायालयांची लाजिरवाणी गत आहे. तिकडे तो कामगार दोन वर्षे वाट पाहतोय.

तुमच्या पाच पानांत त्याच्याविषयी एक ओळही नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) त्याची नोंद असेल, तर कायम अपंगत्वाचा लाभ विमा महामंडळ देईल आणि तुमच्याकडून वेगळी भरपाई मागता येणार नाही. वर्गणी थकली असेल, तर महामंडळ तुमच्याकडून वसूल करेल. त्याची वैद्यकीय मंडळापुढची तपासणी झाली का, हे आजच विचारा.

आयातदाराविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा करायचा, तर करारभंगाची तीन वर्षांची मुदत जानेवारी २०२७ मध्ये संपते. दावा तीन लाख किंवा अधिक रकमेचा असेल, तर व्यापारी न्यायालयात जाण्यापूर्वी मध्यस्थीचा अर्ज बंधनकारक आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ते स्पष्ट केले. मध्यस्थीचा काळ मुदतीत मोजला जात नाही, तरी शेवटच्या महिन्यावर टाकू नका.

आणि ती प्रेस अजून पायाच्या पेडलवरच चालते असे तुम्ही लिहिता. ती आजच बंद करा. दोन हातांची बटणे आणि डायपुढचा गार्ड बसेपर्यंत तिच्यापुढे कोणालाही बसवू नका. दोष सिद्ध झाल्यावरही उल्लंघन चालू राहिले, तर १९४८ च्या अधिनियमात रोज हजार रुपयांपर्यंत दंड होता.