हिवाळ्यात हरळीचं लॉन पिवळं पडलंय, उपटून नवं लावू का?

नाही, उपटू नका. बहुतेक ते मेलेलं नाही, थंडीनं त्याची वाढ थांबलीय. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वाच, उष्ण हवेतलं गवत. नाशिकसारख्या ठिकाणी रात्री पारा १० अंशांखाली उतरू लागला की पाती पिवळी पडतात, पण जमिनीतली खोडं जिवंत राहतात. एखादी कांडी खणून पाहा: आतून पांढरी, टणक निघाली तर ऊन तापल्यावर नक्की फुटेल. तोवर युरिया नको, पाणीही माती सुकल्यावरच द्या. नंतर कापताना एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच भाग काढा. मात्र पिवळेपणा फक्त झाडाखाली असेल तर कारण सावली आहे; हरळीला रोज निदान ६ तास थेट ऊन लागतंच.