झेंड्यावर क्रूस की वधस्तंभ?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्क यांच्या झेंड्यांविषयी मराठीत लिहिताना त्यावरच्या चिन्हाला वधस्तंभ म्हणावं, क्रूस म्हणावं की फुली?

क्रूसच म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. वधस्तंभ हा मराठी बायबलने रुजवलेला शब्द फार ताकदीचा आहे, पण तो देहदंडाच्या साधनाचं नाव आहे. झेंड्यावर असते ती खूण. इंग्लंडच्या पांढऱ्या झेंड्यावरच्या लाल चिन्हाला ‘सेंट जॉर्जचा वधस्तंभ’ म्हटलं, की जॉर्जला त्यावर खिळलं होतं असा अर्थ होतो. परंपरेप्रमाणे त्याचा शिरच्छेद झाला. आयर्लंडचा संत सेंट पॅट्रिक तर हुतात्माही नव्हे. तरी त्याच्या नावाचा लाल तिरका क्रूस १८०१ साली युनियन जॅकमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या झेंड्यात, आला. त्याआधी, १६०६ साली, जॉर्ज आणि स्कॉटलंडचा संत अँड्र्यू यांचे क्रूस एकत्र केले गेले होते. वधस्तंभ शब्द खरोखर लागू पडतो तो एकट्या अँड्र्यूला. त्याला तिरक्या क्रूसावर मारलं अशी श्रद्धा आहे आणि स्कॉटलंडच्या निळ्या झेंड्यावर तोच आकार आहे. आकारापुरती ती फुलीच, पण मराठीत फुली मारतात ती खोडण्यासाठी. म्हणून ‘तिरका क्रूस’ बरा.

क्रूस आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. वसईतले कॅथलिक ‘क्रूसाची खूण’ करतात, म्हणजे शब्द खुणेसाठी आधीच रुळलेला आहे.

डेन्मार्कचा झेंडा १२१९ साली एस्टोनियातल्या लढाईत आकाशातून पडला, अशी आख्यायिका आहे. त्यातली उभी पट्टी मधोमध नसून काठीकडे सरकलेली असते. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आइसलंड यांनी हीच ठेवण घेतली. तिला ‘नॉर्डिक क्रूस’ म्हणायला काहीच हरकत नाही.

भारतीय नौदलाच्या ध्वजावरही सेंट जॉर्जचा लाल क्रूस होता. २००१ ते २००४ ही मधली वर्षं सोडली तर तो २ सप्टेंबर २०२२ पर्यंत टिकला. त्या दिवशी आलेल्या नव्या ध्वजावरचा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

‘रेडक्रॉस’ मात्र तसाच ठेवावा. ते संस्थेचं नाव आहे, आणि ते चिन्ह म्हणजे स्वित्झर्लंडच्या झेंड्याच्या रंगांची अदलाबदल आहे.