उत्कंठेची मान

कोल्हापूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

‘उत्कंठा’ या शब्दावरचे तुझे टिपण वाचले. कंठ दाटून येतो म्हणून उत्कंठा, असे तू आरंभी लिहिलेस, पुढे मान उंचावून वाट पाहणे असा विग्रह दिलास आणि अखेर दोन्ही खरे असावेत म्हणून मोकळी झालीस. अशी तडजोड शेताच्या वाटणीत चालते, व्युत्पत्तीत नाही. शब्द कोणी, कोठे वापरला, तो प्रयोग दाखव.

संस्कृतात ‘कण्ठ’ म्हणजे गळाही आणि मानही, त्यामुळे तुझा गोंधळ मी समजू शकतो. पण ‘शाकुंतला’चा चौथा अंक उघड. शकुंतला आज सासरी जाणार या विचाराने कण्वांच्या हृदयाला उत्कंठेने स्पर्श केला आहे, आणि आवरलेल्या आसवांनी कंठ दाटला आहे, हे कालिदासाने निराळे सांगितले आहे. उत्कंठेतच गळा दाटलेला असता, तर त्याला पुन्हा कंठाकडे वळावे लागले नसते. (लेक अजून आश्रमातच आहे, तरी बापाची ओढ सुरू झाली, हेही पाहून ठेव.) ‘उत्’ वर नेतो, वर होते ती मान.

‘उत्कंठावर्धक सामना’ ही वर्तमानपत्रांनी केलेली नासाडी आहे, हे तुझे वाक्य मात्र मला मुळीच रुचले नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉलचा सामना रंगला आणि कॉर्नर मिळाला की मागच्या पायऱ्यांवरची माणसे टाचा उचलून माना कशा ताणतात, हे तू कोल्हापूरची असून पाहिले नाहीस? नाट्यशास्त्रातल्या विरहोत्कंठितेचा, म्हणजे प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या नायिकेचा, विरह तेथे नाही, पण मान तीच आहे. अर्थाचा हा बदल मराठीत केव्हा रुळला, ते अंदाजाने लिहू नकोस. प्रयोग दाखव, सालासह दाखव. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून या गावात आहे. तेथे बस आणि जुनी नाटके, कादंबऱ्या चाळ.

एका शब्दावर किती दिवस घालवणार, असे विचारून मला एकदा कोशाच्या कामातून दूर केले गेले. कोशासाठी लिहिलेल्या माझ्या चिठ्ठ्या आजही पत्र्याच्या ट्रंकेत पडून आहेत; त्या छापल्या गेल्या नाहीत याची खंत आहे, सावकाशीची नाही. घाईने दिलेला अर्थ पुढचे कोशकार डोळे मिटून उतरवून घेतात, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो.

टिपणाचा आरंभ काढून टाक. रविवारी सकाळी नाश्त्यालाच ये. मात्र मराठीतले चार प्रयोग हाती नसतील, तर विग्रहाचा विषय काढू नकोस.